वाढणारी टोपली

एक होते नाकवाले, एक होती त्यांची बायको, आणि त्यांच्याकडे राहायला होत्या सासूबाई, म्हणजे बायकोची आई, ज्या दिवसाला मोजून चारदा तोंड उघडत. या तिघांची गोष्ट सांगते, मध्येच कुणी उठू नका.

नाकवाले संग्रहालयात कामाला. देशोदेशीच्या विणलेल्या टोपल्या तिथं येत. ह्यांनी काठ दाबायचा, वेत ओला करायचा, नाक खुपसायचं आणि सांगायचं, ही अमक्या बेटावरची. (खरंखोटं करायला कोण जातंय तिकडे?) अकरा वर्षं निभावलं. मग एक बिनचिठ्ठीची टोपली आली. वीण उलटी वळलेली, काठ अर्धवट सोडलेला. संग्रहालयाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत हिचं गाव सांगा. नाही जमलं, तर तुमची जागा बंद."

सोमवारी नाकवाल्यांनी टोपली गुपचूप घरी आणली. एवढंच केलं बिचाऱ्यांनी. आतल्या खोलीत कपाटावर ठेवली, मापली, सहा बोटं भरली, मग रात्री पुस्तकात तिचं गाव शोधत बसले. मंगळवारी संध्याकाळी कामावरून आले, तर सात बोटं. बुधवारी आठ. खिडक्या बंद, आणि फरशीवर खुर्चीपासून कपाटापर्यंत पाण्याचे थेंब, एका ओळीत.

"अगं, टोपली वाढतेय."

"तुमची बोटं बारीक झाली असतील," बायको म्हणाली.

"आणि हे पाणी?"

"मी दिवसभर दुकानात असते. घरात आई एकटीच. तिला विचारा."

सासूबाईंना कोण विचारणार? त्या भिंतीला टेकून बोटं चोळत बसल्या होत्या. त्यांचं लक्ष टोपलीवर, आणि टोपलीचं (नाकवाल्यांना वाटलं) नाकवाल्यांवर.

गुरुवारी घरी आल्यावर त्यांनी धीर करून सगळ्यात वरच्या ओळीतला वेताचा तुकडा कातरला, ओला केला, हुंगला.  वहीत लिहिलं, "वरच्या ओळीचा वेत फार जुना. खारट वास. थडग्यातली वस्तू. या वेतावर एक जाडजूड, आळशी, मृत माणूस कित्येक वर्षं बसून होता." मग वही मिटून आपल्या वेताच्या खुर्चीत टेकायला गेले, ते थेट तळाला. पाय वर, नाक गुडघ्यात. खुर्चीची बैठक अर्धी नाहीशी झाली होती.

"टोपलीनं खाल्ली," ते आतून म्हणाले. बायकोनं त्यांना ओढून काढलं. या वेळी ती हसली नाही.

शुक्रवारी भर दुपारी नाकवाले कामावरून निघून आले, चपला हातात घेऊन. दार किलकिलं होतं. आत टोपली जमिनीवर उतरलेली, आणि आपली आपण गोल फिरत होती. सावकाश. करर्, करर्. पलंगाआडून दोन हात पुढे आले, सुरकुतलेले, ओले.

"जावईबापू, दारात उभं राहू नका. उजेड अडतो."

"सासूबाई... तुम्ही?"

"आमच्या गावी लेकीला अर्धी टोपली देतात. उरलेला काठ तिनं सासरी विणायचा, म्हणजे ती तिथं रुळते. ही कुणा पोरीची तशीच राहिली. हात लावला की माझे हात थांबतच नाहीत."

"आणि उलटी वीण?"

"आईच्या समोर बसून शिकतो ना, म्हणून हात उलटा वळतो. आईची सुलटी, लेकीची उलटी, नातीची परत सुलटी."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही पुस्तकात बघत होता. वाचणाऱ्या माणसाला कसं टोकायचं?"

शनिवारी टोपली आणि सासूबाई दोघींना घेऊन नाकवाले हजर झाले, आणि टोपलीचं गाव आणि घरचं विणकाम दोन्ही सांगून टाकलं. मोठ्या बाईंनी भिंग लावलं. जुनी वीण कुठं संपली आणि नवी कुठं सुरू झाली, काही केल्या कळेना. त्या रागवायचंच विसरल्या. त्यांनी फळीवरच्या बाकी बिनचिठ्ठीच्या टोपल्या पुढे केल्या. सासूबाईंनी तीन ओळखल्या. उरलेल्यांना सरळ म्हणाल्या, "नाही माहीत." अकरा वर्षांत हे वाक्य त्या खोलीत कुणी बोललं नव्हतं.

पुढच्या सोमवारी सासूबाई नोकरीला लागल्या. नाकवाल्यांचीही जागा वाचली, सासूबाईंसमोर पाण्याचं भांडं धरून बसायला. घराला बरे दिवस आले, नवी खुर्चीसुद्धा आली.

तेवढ्यात मोठ्या बाईंच्या हाती ती वही लागली.

"सासूबाई, या वरच्या ओळींचा वेत कुठला?"

"जावईबापूंच्या खुर्चीचा."

मोठ्या बाईंनी पेन काढलं, 'थडग्यातली वस्तू' आणि 'मृत' तेवढं खोडलं.

"बाकी सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांत पहिल्यांदाच."