ती पॉलिसी मीच काढली होती

वीज जाऊन आली की मुकादमचाचा बंद पडलेला सर्व्हर चालू करण्याआधी त्याची परवानगी घेत. चपला दाराबाहेर काढायच्या, मशीनवर हलकेच थाप मारायची आणि विचारायचं, "उठवू काय रे बाबा?" उत्तर काय मिळायचं ते त्यांनाच ठाऊक. कधीकधी "अजून नाय म्हणतो" असं सांगून ते सरळ चहाला निघून जात.

मिरजोळ्याच्या आमच्या मासळीच्या कारखान्यात मी डिस्पॅचचे कागद बघते. चाचा कॉम्प्युटर सांभाळायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मस्कतला हेच काम केलेलं. उपाशीपोटी मशीनला हात लावायचा नाही, हा त्यांचा एक नियम. घाई तर मुळीच खपत नसे. "बाय, घाय केलीस की भोगलीस," हे दिवसातून दहादा. आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. त्यातही माझी सगळ्यांत फर्मास व्हायची, हे आता सांगायची लाज वाटते.

कारण मला शिकवलं त्यांनीच. "मी नसलो तर ह्याला उठवणार कोण?" म्हणून माझ्या नावाने सगळे अधिकार देऊन ठेवले होते.

एकदा चाचा भाचीच्या लग्नाला खेडला गेले आणि इकडे डिस्क भरल्याची सूचना आली. मी सफाईला बसले. यादीत 'सिक्युरिटी पॉलिसी' दिसली. मशीनमध्ये कुणी कशाला हात लावायचा, त्याचे नियम. म्हटलं, आमच्या वाडीत दिवसा कुणी दाराला कडी लावत नाही, मग या आठ माणसांच्या ऑफिसात पहारा कशाला? दिली काढून. मशीन पूर्वीसारखंच चालत राहिलं आणि मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

चाचा आले तेव्हा त्यांना सांगायचं राहिलं. खरं तर सांगितलंच नाही. बोलणी कोण खाणार!

पुढच्या आठवड्यात वीज गेली. आली तेव्हा मशीन उठेना. बाहेर कोळंबीचा कंटेनर भरून उभा, आणि त्याचे सगळे कागद मशीनच्या पोटात. मालक येरझाऱ्या घालायला लागले. चाचांनी पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"उठताना पयली पॉलिसी शोधतो, ती मिळत नाय म्हणतो. म्हणून जाग्यावर थिजलाय. पॉलिसी काय कोण काढणार नाय, म्हणजे डिस्कच गेली."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. चाचा दुपारपर्यंत ती धडधाकट डिस्क तपासत राहिले. जेवणसुद्धा विसरले. शेवटी, मशीन सुरू होतानाच्या ओळीत त्यांनी एक शब्द घातला आणि पॉलिसीशिवायच त्याला जागं केलं. मग कुणी काय काढलं त्याची यादी उघडली. त्यात माझं नाव होतं, तारखेसकट. मी मागेच उभी होते. चाचांनी एक कळ दाबून पडदा कोरा केला आणि पॉलिसी परत बसवायला लागले.

कागद निघाले, पण कंटेनरची बोट चुकली.

"कोणी केलं हे?" मालकांनी विचारलं.

"मीच. वय झाला आता. चुकून गेला हातून."

"मग आराम करा चाचा. उद्यापासून येऊ नका."

मी खाली मान घालून कागदांना टाचण्या मारत राहिले.

महिन्याभराने राजिवड्याला त्यांच्या घरी गेले. चाची जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं आखातात. चाचांनी स्वतः चहा केला.

"चाचा, ती पॉलिसी..."

"ठाव हाय गो. तुझा घर चालता त्या पगारावर. माझा काय, एकटा जीव."

"मी उद्या मालकांना सांगते."

"नको. सांगून दोघांची नोकरी जायची." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "पगाराचा काय नाय, बाय. तिथं माणसं दिसायची. इथं सांज होयत नाय लवकर. आलीस तशी बस जरा."

मला रडू येत होतं. तरी मी घड्याळ बघितलं. पाचची एसटी होती. मी उठले. मालकांना मी अजूनही सांगितलेलं नाही, आणि पुन्हा राजिवड्यालाही गेलेली नाही.