उपरण्याखालचा सौदा

माझा सावळामामा कुठलाही आकडा कधी तोंडाने सांगत नसे. आकड्याची वेळ आली की खांद्यावरचं उपरणं खाली येई, समोरच्याचा हात त्याखाली ओढला जाई आणि मामा त्याची बोटं दाबू लागे. भाकरी किती हव्यात, चहात साखर किती, एसटी किती वाजता आहे, सगळं उपरण्याखाली. मामी होती तोवर चुलीपुढे बसल्या बसल्या पिठाचा हात पुढे करायची आणि म्हणायची, "दाबा एकदाचं. तवा तापलाय."

मामा राजुरीचा. शेती होती, पण जीव सगळा बैलबाजारात. तिथे तो दलाली करायचा. आमच्याकडे बैलाचा सौदा चारचौघांत बोलायचा नाही अशी रीत. हात कापडाखाली घ्यायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, समोरच्याने एखादं बोट मुडपून तो पाडायचा, आणि शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागू द्यायचा नाही. उभा जन्म हेच केलेल्या माणसाला बाजार सुटला तरी सवय कशी सुटणार?

दुसरी सवय पारख करण्याची. मला बघायला मंचरची मंडळी आली तेव्हा मामा नवऱ्या मुलाच्या मागे जाऊन उभा राहिला. डोक्यावरचा भोवरा नीट न्याहाळला. मग काहीतरी निमित्त काढून त्याला विहिरीपर्यंत चालवून आणला आणि माझ्या वडिलांना सगळ्यांदेखत सांगितलं, "चाल सरळ हाय. खोड दिसत न्हाई. घ्या." आमचे हे अजून मामासमोर चालताना जपून पावलं टाकतात.

मामी गेली. मूलबाळ नव्हतं. मी म्हटलं, "मामा, माझ्याकडे चला." पण माझ्या दोन खोल्या मंचरला हायवेला लागून, दिवसरात्र कांद्याच्या ट्रकांचे भोंगे. मामाने उंबऱ्यावरूनच आत पाहिलं आणि मान हलवली. "भाचीच्या दावनीला मामा बांदून घेनार न्हाई."

शिनोलीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्धाश्रम निघाला होता. मामा स्वतः जाऊन तो पारखून आला. पाणी चाखलं, झाडांची सावली पाहिली, गोठ्यातली गव्हाण बघावी तसा जेवणाचा ओटा वाकून पाहिला. "बांदायला जागा बरी हाय," म्हणाला आणि पत्र्याची ट्रंक घेऊन दाखल झाला. मी दारात उभी राहून रडत होते, आणि हा गृहस्थ व्यवस्थापकाच्या डोक्यावर भोवरा शोधत होता. व्यवस्थापकांना टक्कल होतं, म्हणून ते वाचले.

पहिल्याच आठवड्यात, मी शिकवते त्या शाळेत आश्रमातून फोन आला. "बाई, ताबडतोब या. तुमच्या मामांनी स्वयंपाकीणबाईंचा हात धरला!"

मी वर्ग सोडून धावले. कुसुमबाई उलथनं घेऊन उभ्या, आणि मामा खाटेवर रुसून बसलेला.

"आगं शोभे, भाकरीचा सौदा व्हता," तो म्हणाला. "मी भाव सांगत व्हतो. शेवटचं बोट दाबलं न्हाई तोवर ह्या वराडल्या."

मी सगळी रीत समजावून सांगितली. कुसुमबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. तेव्हापासून पंगतीला त्या स्वतःच हात पुढे करू लागल्या. "दाबा, बाबा. पन दोनच्या वर भाव जायाचा न्हाई."

आश्रमाबद्दल मामाची तक्रार एकच. "समदा माल बिनदाती. दात बगितल्याबिगर वय वळखायचं कसं?" तरीही त्याने चालीवरून प्रतवारी लावलीच. समोरच्या खोलीतले रिटायर फौजदार मारके, कोपऱ्यातल्या आजी लाजाळू. आणि शेजारच्या खाटेवरचे कोंडीबा? "लई गुनाचं. आवाज न्हाई का तक्रार न्हाई."

कोंडीबा धनगर. उमेदीत मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले, आता खिडकीतून डोंगराकडे बघत बसायचे. मुलगा दूर सुरतेला, कामाला. त्याला यायला जमत नसे. कोंडीबा त्याच्याबद्दल बोलत नसत, आणि आम्हीही विचारत नसू.

मी रविवारी जायची. मऊ लाडू न्यायचे, कारण माल बिनदाती. तासभर बाजाराच्या गप्पा, मग निघायची वेळ झाली की उपरणं खाली. मी दोन बोटं दाबायची, म्हणजे दोन आठवड्यांनी येते. मामा त्यातलं एक मुडपायचा. मी पुन्हा सरळ करायची. तो पुन्हा मुडपायचा. शाळेचे पेपर, घरचे पाहुणे, एसटीची बोंब, हे सगळं मी बोटांनी कसं सांगणार? बहुतेक वेळा तोच जिंकायचा. मला गंमत वाटायची. म्हातारा खोडीला पक्का, एवढंच मी धरून चालले होते.

एकदा एसटी चुकायची वेळ आली. मी घाईत पिशवी उचलली आणि मोठ्याने म्हणाले, "मामा, पुढच्या रविवारी येते हं!"

मामाने माझं मनगट गच्च धरलं आणि मला व्हरांड्यात ओढून नेलं.

"आसं उगड्यावर बोलू नगं," तो कुजबुजला. "कोंडीबा ऐकत आसतो. त्याच्याकडं कोन येतंय?"

मी दारातून आत पाहिलं. कोंडीबा भिंतीकडे तोंड करून रिकामा तांब्या पुसत होते. एसटीत मला रडू आलं. बाजाराची खोड म्हणून मी ज्याला हसत होते, ते उपरणं मामा शेजाऱ्याच्या मनासाठी धरत होता.

पुढच्या रविवारी निघताना मी सवयीने हात पुढे केला. मामाने तो धरला आणि सरळ शेजारच्या खाटेवर नेऊन ठेवला.

"आज माजा सौदा न्हाई. आज कोंडीबाचा."

त्याने माझ्या आणि कोंडीबांच्या हातावर उपरणं टाकलं. कोंडीबा गडबडले. मग हळूच त्यांनी माझा हात धरला. एक बोट नाही, दोन नाही, आख्खा पंजा. मेंढरांची लोकर कातरून खरखरीत झालेला तो तळवा. दाबत नव्हते, मोजत नव्हते, नुसता धरून होते.

मामाने उपरण्याचं टोक उचलून आत डोकावलं आणि कपाळावर हात मारला. "अवो कोंडीबा! समदी बोटं धरली म्हंजी आटवडं किती झालं! बाजार बिगडवता का काय, राव?"

"मला न्हाई कळत तुमचा भाव," कोंडीबा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या जरा आसंच."

तसाच राहू दिला. एसटी गेली असेल तर गेली. मामा शेजारी बसून चिडवत राहिला, कोंडीबा बोळक्या तोंडाने हसत राहिले, आणि कुसुमबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "सौदा तुटला का जुळला?"

"जुळला!" मामा ओरडला.

मी उठले. मामाने उपरणं झटकलं, घडी घातली आणि खांद्यावर टाकलं. आता ते खाली यायची वाट बघत मी हात पुढे करून उभी होते. पण ते आलंच नाही. मामा फाटकापर्यंत आला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शोभे, एका आटवड्यानं ये. आमी दोगं वाट बगतो."