पांडवांशी वैर

आमच्या शेजारच्या गोविंदनानांचं पांडवांशी वैर आहे. कौरवांबद्दल त्यांची तक्रार नाही. भांडणाचं कारण आमच्या गावामागच्या जांभ्या कातळातली बौद्ध लेणी. खेड तालुक्यातलं आमचं हे गाव त्यांना पांडवलेणी म्हणतं आणि पांडवांनी ती एका रात्रीत कोरली असं बिनदिक्कत सांगतं. मीही एकदा पुण्याच्या पाहुण्यांना तेच सांगितलं. नाना मागेच उभे होते.

"एका रात्रीत?" त्यांनी दोन्ही तळहात पाहुण्यांच्या नाकासमोर धरले. "चाळीस वर्सं चिरेखानीत टिकाव मारलाय मी. एका रात्रीत हाताला फोड येतात. लेनी नाय व्हत!"

मग आमची सुटका नव्हती. नानांनी भर उन्हात अख्खा कातळ फिरवला. "ही भोकं पान्यानं खाल्लेली. ही खोली मानसानं काढलेली. पानी कंदी सरळ रेघ मारतं काय?" भिक्खूंच्या ओट्यावर त्यांनी पाहुण्यांच्या जावयाला आडवं पडायला लावलं. पाहुणीबाई स्तूपाला पिंड समजून हात जोडायला गेल्या, तेव्हा म्हणाले, "जोडा, जोडा. पन त्यो स्तूप हाय, येवढं ध्यानात ठेवा." पाहुणे पुन्हा काही आले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात पंचायतीने तिथे 'पांडवकालीन लेणी' अशी पाटी लावायचं ठरवलं. खांबासाठी खड्डा खणला आणि नाना त्या खड्ड्यात जाऊन बसले. सरपंचांनी विनवण्या केल्या, मी पोलिसांची भीती घातली. नाना म्हणाले, "पोलिसांना बोलवा. त्यांनापन लेनी दाकवतो."

शेवटी सरपंच वैतागले. "मग कोणी कोरली ते सांगा. नाव घालतो!"

नाना खड्ड्यातून उठले आणि आम्हाला शेवटच्या, अर्धवट राहिलेल्या खोलीत घेऊन गेले. "ह्या भितीवरचे घाव बगा, उलटे कलतात. डावरा व्हता ह्यो." भिंतीवरून त्यांचा हात सावकाश फिरत होता. "माजा धाकटा भाव डावरा. खानीत दरड आली, तितंच गेला. त्याच्या चिऱ्यांवर तालुक्यात घरं हायत. कोनाला म्हायत हाय? ह्या कोरनाऱ्याचं नाव मला गावत नाय, सरपंच. पन दुसऱ्याचं घालू देनार नाय."

सरपंचांनी टोपी काढली. पाटीवर आता नुसतं 'बौद्ध लेणी' एवढंच आहे.

उतरताना मला स्वतःचीच लाज वाटली. वीस वर्षं शेजारी राहतो, हा भाऊ मला माहीतच नव्हता. मी विचारलं, "नाना, नाव काय होतं त्याचं?"

नाना थांबले. मला वाटलं, चिडले.

"सखाराम," ते म्हणाले. मग कातळाकडे तोंड करून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, पुन्हा एकदा, "सखाराम!"