बोलकं कपाट

"माझ्या वाचनालयात टाचणी पडली, तर ती कुठल्या कपाटामागे पडली ते मी डोळे मिटून सांगेन," असं ग्रंथपालबाई नव्या माणसाला पहिल्याच भेटीत ऐकवत. ते खोटंही नव्हतं. मैदानावर आभाळ डोक्यावर घेणारी पोरं बाईंच्या दारात बूट काढत आणि बुटांबरोबर आवाजही बाहेर ठेवत. भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी होती, पण ती पाहुण्यांसाठी. पोरांना बाईंचा 'शू' पुरे.

मुख्याध्यापिकांना मात्र ही शांतता खुपू लागली.

"शांत आहे ते ठीक हो, पण खोली रिकामी वाटते. पालकसभेत इथे काही जिवंत दिसलं नाही, तर पुढच्या वर्षी कपाटं माळ्यावर आणि इथे कॉम्प्युटर."

"जिवंत काय, कपाटंच बोलायला लावते," बाई म्हणाल्या.

बेत खरोखर झकास होता. प्रत्येक मुलाने स्वतःची गोष्ट लिहायची, टॅबलेटसमोर वाचायची. पुस्तकांमागे स्पीकर. कपाटावरचं बटण दाबलं की गोष्ट सुरू. कॉम्प्युटरच्या सरांनी सगळी जोडणी करून दिली. सर गुणी होते, फक्त यंत्र सोडून दुसऱ्या कुणाकडे बघून बोलत नसत.

रेकॉर्डिंगच्या दिवशी एकेक मूल वाचायला बसलं, बाकीची सतरंजीवर. व्यत्यय नको म्हणून बाई टॅबलेटला खेटूनच उभ्या राहिल्या. कुणी खोकलं, शू. कुणाची पेन्सिल घरंगळली, शू. दरवेळी वाचणारं मूलही आवाज एक पायरी खाली उतरवी. बाई खूश. इतकं शिस्तीचं काम शाळेत आजवर झालं नसेल.

"आल्या का सगळ्या गोष्टी?" त्यांनी सरांना विचारलं.

"एकही कमी नाही," सर पडद्याकडे बघत म्हणाले.

"नीट ऐकल्यात ना?"

"मोजल्यात."

बाई कपाटाला फिती लावण्यात गुंतल्या होत्या. त्यांनी ते उत्तर 'हो'च्या खात्यात जमा करून टाकलं.

पालकसभेला खोली भरली. मुख्याध्यापिकांनी बटण दाबलं. कपाट गप्प.

"बिघडलंय का?"

"चालू आहे," सर म्हणाले. "आवाज कमी वाटतोय." त्यांनी आवाज वाढवला. आत कुठेतरी वारा कुजबुजल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. पालक पुढे झुकले. सरांनी आवाज पार शेवटपर्यंत नेला.

"एका जंगलात एक..." आणि मग कपाटातून रेल्वेच्या इंजिनाने वाफ सोडावी तसा 'शूऽऽ' बाहेर पडला. पुढच्या रांगेतल्या वडिलांच्या हातून मोबाइल पडला. कडेवरचं एक बाळ रडू लागलं. बाईंनी घाईघाईने दुसरं बटण दाबलं. "माझी आजी विमान..." शूऽऽ! तिसरं दाबलं. तिसऱ्यात तर गोष्टीला तोंडही उघडता आलं नाही.

पालक हसायला लागले. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. त्या डोळ्यांनी खोलीची मापं घेत होत्या.

"आमच्या मुलीची गोष्ट यंत्राला जमत नसेल तर राहू दे, तीच सांगेल," मागून एक आई म्हणाली.

दोन वेण्यांची ती मुलगी उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, पण ऐकू काही येईना. ती एकदा पाटीकडे बघे, एकदा बाईंकडे.

'मोठ्याने बोल' हे दोन शब्द बाईंनी या खोलीत कधी उच्चारले नव्हते. शेवटी त्या गेल्या आणि पाटीचं तोंड भिंतीकडे फिरवून आल्या.

मुलगी खणखणीत बोलली. "एका वाचनालयात एक राक्षस राहायचा. तो कुणाला खायचा नाही, फक्त शू म्हणायचा. मग सगळे गप्प बसायचे, आणि त्याला रोज वाटायचं, आपल्याशी कुणीच कसं बोलत नाही."

टाळ्या पडल्या. बाई जागच्या हलल्या नाहीत. ही गोष्ट त्यांनी आधी तपासली होती. ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दुरुस्त केले होते. राक्षस कोण, ते तेवढं बघायचं राहिलं होतं.

त्यानंतर पोरांना आवरणं कुणाच्या हातात राहिलं नाही. प्रत्येकाला स्वतःची गोष्ट ओरडून सांगायची होती. मुख्याध्यापिकांनी दोनदा कान झाकले आणि जाताना म्हणाल्या, "खोली राहू द्या बाई. कॉम्प्युटर सध्या नकोच, इथे त्यांचं कोण ऐकणार?"

दुसऱ्या दिवशी वाचनालयात टाचणीच काय, कपाट पडलं असतं तरी कळलं नसतं. बाईंचे ओठ सवयीने पुढे आले, त्यांनी ते मोठ्या कष्टाने मागे घेतले. तेवढ्यात दोन वेण्या टॅबलेट घेऊन समोर आल्या.

"बाई, एक शू द्या ना. राक्षसाचा रेकॉर्ड करायचाय."

बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि दिला.

मुलीने टॅबलेट कानाला लावून तो ऐकला, आणि वही तपासणाऱ्या बाईंसारखीच मान हलवली.

"परत द्या. ह्याने कुणी गप्प बसणार नाही."