रंग ओला, खिडक्या बंद

सून बाळंत झाली आणि सासूबाईंनी घरी रंगारी बोलावला. नात दवाखान्यातून थेट आपल्याच घरी यायला हवी होती, विहिणीकडे नाही. विहीणबाईंचं घर मोठं, हवेशीर. त्यावर उतारा म्हणून सासूबाईंनी बाळाच्या खोलीला भिंतींपासून खिडक्यांपर्यंत चकचकीत ऑइलपेंट फासून घेतला.

"खिडक्या चार दिवस उघड्या ठेवा," जाताना रंगारी म्हणाला.

"म्हणजे रस्त्याची धूळ माझ्या ओल्या रंगावर बसू दे? वा रे वा!"

त्याची पाठ वळताच त्यांनी खिडक्या खटाखट लावल्या. वर कड्याही घातल्या.

दुसऱ्या दिवशी सासरेबुवा त्या खोलीत पेपर वाचायला बसले आणि डोकं धरून बाहेर आले.

"अगं, गरगरतंय."

"तुमचं डोकं जागेवर होतं कधी? आमची पोरं चुलीच्या धुरात वाढली, गरगरलं का एखादं?"

पण वास त्यांनाही येत होता. माणसाच्या जिभेला खोटं बोलता येतं, नाकाला नाही. त्यांनी अत्तराची बाटली रिकामी केली, टेबलावरचा पंखा पूर्ण सोडला. वास खोलीतून निघाला तो स्वयंपाकघरात शिरला. दुधाला रंगाचा वास, भाताला अत्तराचा.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "आई, घरी सोडलं आम्हाला. निघतोय. रंगाचा वास गेला ना? डॉक्टरांनी बजावलंय, ताज्या रंगाच्या घरात बाळाला न्यायचं नाही."

"कसला वास? घर घमघमतंय नुसतं!"

"तू शिंकतेयस का?"

"आनंदानं!"

फोन आपटून त्या खिडकीकडे धावल्या. खिडकी हलेना. ओल्या रंगात लावलेली ती, चौकटीला चिकटून बसली होती. सासरेबुवांनी जोर लावून मूठ ओढली; मूठ हातात आली, खिडकी होती तिथेच. दुसरीच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घातला तर काच तडकली.

"एक काम धड येईल तर शपथ!" सासूबाई कडाडल्या, आणि दारात टॅक्सी थांबली.

सून खाली उतरलीच नाही. "आई, वास इथपर्यंत येतोय हो. हिचं नाक बघा, केवढंसं! वास जाईपर्यंत मी माहेरी राहते."

सासूबाईंनी तोंड उघडलं. एवढ्यात नात शिंकली. ही शिंक आनंदाची नव्हती, हे अगदी अडाण्यालाही कळलं असतं. मग त्यांनी पदर खोचला.

"सरक गं जरा," म्हणत त्या टॅक्सीत बसल्या.

"आई, तू कुठे?" मुलगा म्हणाला.

"नात तिथं आजी. तू उतर. तुम्ही बाप-लेक बसा खिडक्या उघडत. पंखा खिडकीत ठेवा, तोंड बाहेर करून. वास घरात फिरवायचा नसतो, बाहेर घालवायचा असतो. आणि त्या खोलीत झोपू नका. एवढंही सांगावं लागतं!"

संध्याकाळपर्यंत विहीणबाईंच्या दिवाणखान्यातली मोठी खुर्ची खिडकीशी सरकली होती, पडदे बांधले गेले होते आणि रेडिओ बंद झाला होता. खुर्चीत सासूबाई, मांडीवर नात. विहीणबाई हातात पाण्याचा पेला घेऊन दाराशी घुटमळत होत्या.

सासूबाईंनी मान वर करून प्रेमानं पाहिलं.

"अहो, उभ्या का? या, बसा की. अगदी आपलंच घर समजा!"