चाळीस मेले, चोवीस लटकले

शनिवारी सकाळी जावई डोक्याला साबण लावून बसला असताना बाहेरच्या खोलीत त्याचा फोन वाजला. सासऱ्यांनी आधी दुर्लक्ष केलं. लागोपाठ तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. अग्निशमन दलात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला असा फोन स्वस्थ बसू देत नाही.

"सर, फुटलं!" पलीकडून एक बाई म्हणाली.

"ते अंघोळीला गेलेत. मी सासरा बोलतोय. काय फुटलं?"

"गॅसचं हो, काका! नळीच्या तोंडाशी दाब वाढत गेला, तापमान पाच हजारांवर पोचलं आणि आठ वाजता सगळं उडालं!"

जावई गॅसवर काम करतो, एवढं सासऱ्यांना लग्न ठरताना सांगितलं होतं. तो गॅस कॉम्प्युटरच्या आत असतो, हे सांगायचं राहून गेलं होतं.

"तुम्ही कुठे आहात?"

"शेजारच्याच खोलीत. चहा घेतेय."

"चहा?"

"काय करणार? या महिन्यात चौथ्यांदा होतंय हे."

सासऱ्यांनी पेन काढलं. "हानी किती?"

"चौसष्ट होते. चाळीस जागच्या जागी मेले, चोवीस नुसते लटकलेत. सरांना विचाराल का, त्यांनाही मारून टाकू? म्हणजे सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करता येईल."

नोकरीत त्यांनी रडणारी, किंचाळणारी, बोबडी वळलेली माणसं ऐकली होती. इतकं थंड कुणी बोललेलं ऐकलं नव्हतं. फोन बंद करून त्यांनी घरच्या फोनवरून अग्निशमन केंद्र गाठलं. तिथला अधिकारी एके काळी त्यांच्याच हाताखाली तयार झालेला.

"तीन गाड्या काढ. आणि पोलिसांनाही कळव. तिथे एक बाई आहे. चहा पितेय."

जावई टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा बायको दारात भिंतीला टेकून उभी होती. "अरे, बाबा तिकडे गेले. तुझ्या ऑफिसात स्फोट झालाय. चाळीस माणसं गेली आणि उरलेल्यांना तुझी ती सहकारीण मारतेय!"

जावयाने फोन पाहिला. "माणसं कुठली! एक भलंमोठं गणित आम्ही चौसष्ट तुकड्यांत वाटतो. आकडे भरकटले, गणित फुटलं आणि ते तुकडे मेले, म्हणजे बंद पडले! बाबांना फोन लाव!"

बायकोने लावला. तो वर्तमानपत्राखाली वाजला.

कानात साबण तसाच घेऊन जावई आपल्या संशोधन संस्थेत पोचला. फाटकात दोन महिला पोलिसांच्या मधोमध सहकारीण उभी होती, हातात कप. "सर, मी सांगतेय की मी कुणालाही मारलेलं नाही, तर या विचारतात, मग मारणार कुणाला होतात!"

"कॉम्प्युटरच्या खोलीला हात तर नाही ना लावला कुणी?"

"अजिबात नाही," सासरे अभिमानाने म्हणाले. "आत शिरायच्या आधी आख्ख्या इमारतीची वीज तोडली. नियमच आहे तसा."

तेवढ्यात संस्थेचे संचालक गाडीतून उतरले, आणि वीज गेल्याचं कळताच ओरडले. "माझं अडीच महिन्यांचं गणित आज दुपारी संपणार होतं!" मध्ये काहीही साठवलेलं नव्हतं. कॉम्प्युटरवरची जागा वाचवा, असं परिपत्रक त्यांनीच काढलं होतं. ते तिथेच गाडीच्या टपावर कागद ठेवून तक्रार लिहायला लागले.

वीज आली तसं जावयाने पोलिसांची समजूत घालून सहकारिणीला सोडवलं आणि सासऱ्यांना आत नेऊन पडदा दाखवला. कारखान्याच्या टाकीत दाब वाढला तर गॅस बाहेर सोडायची सुरक्षा-नळी होती ती. त्यातून गॅस कसा सुटेल, कुठे भोवरे घेईल, याचं हे गणित. सोमवारी कारखान्याला द्यायचं होतं.

"म्हणजे गॅस नाहीच?" सासरे थक्क झाले.

"नाही. नुसते आकडे."

"आणि त्याचा पगार मिळतो?" मग त्यांनी चष्मा लावला. "ही लाल पट्टी कसली?"

"आघातलहर. दाबाचा धक्का पुढे सरकतोय."

"तोंडापर्यंत जाते नि परत येते. परत का येते?"

"गणित आहे ते, बाबा. फार गुंतागुंतीचं असतं."

"असेल. पण तोंड उघडं असेल तर धक्का बाहेर जाईल ना? जावईबापू, तुमच्या नळीला कुणीतरी बूच मारलंय."

"छे हो!" म्हणत जावयाने फाईल उघडली. नळीच्या तोंडापुढे 'उघडं' असं हवं होतं. तिथे 'भिंत' लिहिलेलं होतं. लिहिणारा तो स्वतःच.

सहकारिणीने कप खाली ठेवला. "चारही वेळा, सर? चूक गणितात आहे समजून आपण त्याची जाळी बारीक करत बसलो..."

"चारही वेळा."

मागे खाकरल्याचा आवाज आला. तक्रारीचा कागद हातात धरून संचालक उभे होते. "ही फाईल... तुम्ही मला दिली होती तीच का?"

"हो सर."

"अडीच महिन्यांपूर्वी?"

"हो सर."

"म्हणजे माझ्याही नळीला बूचच होतं!" संचालक पुटपुटले. मग त्यांनी कागदाची बारीक घडी घालून खिशात ठेवली आणि अग्निशमन अधिकाऱ्याला गाठलं.

"वीज तुम्हीच तोडलीत ना?"

"हो साहेब, पण नियमाप्रमाणे..."

"अहो, फार उत्तम केलंत! तेवढं शिक्क्यानिशी लिहून द्या. वीज गेल्यामुळे गणित गेलं, म्हणून."

अधिकाऱ्याने सासऱ्यांकडे पाहिलं. "दे लिहून," सासरे म्हणाले, "खरंच आहे ते."

जावई हळूच पुढे सरकला. "बाबा, तसंच एक माझ्याही नावाने..."

"तुमचं आम्ही यायच्या आधीच फुटलं होतं," सासरे टोपी नीट करत म्हणाले. "अग्निशमन दल खोटं लिहीत नाही."