टाकीत बुचकळलेला बिल्ला

"ताई, जरा पाणी देतेस?" असं मामा बोलून गेले आणि मामींच्या हातातला पेला हातातच राहिला. स्वतःच्या बायकोला ताई म्हणण्याची ही महिन्यातली तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळा मामींनी हसण्यावारी नेल्या होत्या. आज समोर त्यांची आई बसली होती.

"अहो, आजही डोकं दुखतंय ना?"

"थोडंसं."

"चक्कर?"

"तीही थोडीशी."

"मग नीट ऐका. एक तर कारखान्यातल्या त्या टाकीला वाफ ओढणारा पंखा बसवून घ्या, नाहीतर नोकरी सोडा. मला नवरा हवाय. भाऊ मला दोन आहेत."

सासूबाईंनी जावयाकडे नुसतं पाहिलं, आणि मामांना तेच जास्त लागलं.

मामा बावीस वर्षं एका कारखान्यात धातूचे सुटे भाग धूत होते. धातू कातणाऱ्या लेथवरून आलेला तेलकट भाग जाळीच्या टोपलीत घालायचा, तेल विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटच्या टाकीत बुचकळायचा, वर काढून निथळवायचा. काम असं चोख की धुतलेल्या भागात माणसाने तोंड पाहून घ्यावं. एवढ्या वर्षांत एक खोड मात्र जडली होती. कुठे मळ दिसला की मामांचा हात आपोआप टाकीकडे जाई. किल्ल्या, चष्मा, सगळं त्यांनी टाकीतून काढलं होतं. शेजारी लेथ चालवणाऱ्या टर्नरचं घड्याळही एकदा काढलं, ते तेव्हापासून सव्वादहाच दाखवतं.

पंख्याची गोष्ट काढली की मालकांचं उत्तर ठरलेलं असे. "पुरावा आणा, मामा. डोकं काय, माझंही दुखतं. म्हणून पंखे लावत सुटू?"

पुरावा गोळा करायला एके दिवशी कारखान्याची हवा तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांच्याकडे रुपयाएवढे तीन बिल्ले होते आणि प्रत्येकाच्या चिमट्यावर एकेक चिठ्ठी होती: टाकी, लेथ, केबिन. केबिनचा बिल्ला मालकांसाठी, नुसता तुलनेला.

"हा बिल्ला हवेतली वाफ शोषतो," बाई म्हणाल्या. "कॉलरला लावायचा, नाकाच्या जवळ. सुट्टी होईपर्यंत काढायचा नाही. संध्याकाळी मी येऊन नेते."

बाईंची पाठ वळताच मालकांनी आपला बिल्ला केबिनमधल्या खुंटीवर लटकवला, कारण शर्ट कडक इस्त्रीचा होता. मामांनी मात्र तो दागिन्यासारखा मिरवला. दुपारी दीडच्या सुमाराला त्याच्यावर तेलाचा एक थेंब उडाला. केवढा थेंब? मोहरीएवढा. पण बाईंची वस्तू, ती अशी मळकी परत करायची? मामांनी बिल्ला काढला, टाकीत बुचकळला, दोनदा हलवला, निथळवला आणि फडक्याने पुसला. बिल्ला लख्ख झाला, आणि मग मामांच्या लक्षात आलं, वाफ शोषणारी वस्तू आपण सॉल्व्हंटमध्येच बुडवली.

"मामा, काय केलंत हे!" टर्नर धावत आला. मग त्याने जरा विचार केला. "पण बरंच झालं की. आता असा आकडा येईल, मालक दोन पंखे लावतील."

"खोटा आकडा? अरे, उद्या कळलं तर माझं खरं दुखणंही खोटं ठरेल."

"मग बदलून टाकू." मालक जेवायला घरी गेले होते. टर्नरने केबिनमधला बिल्ला आणला आणि दोन्ही चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. बुचकळलेला बिल्ला खुंटीवर गेला. "केबिनच्या आकड्याचं कोणाला काय पडलंय?"

कोरडा बिल्ला मामांच्या हातात आला. आता त्याच्यावर थेंबही उडू द्यायचा नाही, असा त्यांनी निश्चय केला. त्यांनी तो कोऱ्या फडक्यात गुंडाळून जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. डबा मात्र टाकीला अगदी चिकटून ठेवला, कारण बाईंनी जवळ ठेवा म्हणून सांगितलं होतं.

संध्याकाळी मामांनी बिल्ला पुन्हा कॉलरला लावला आणि बाई तिन्ही बिल्ले घेऊन गेल्या. दहा दिवसांनी अहवाल आला. मालकांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला.

"टाकी, नगण्य. लेथ, किरकोळ. केबिन..." मालकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "केबिन, मर्यादेच्या चाळीस पट!"

त्याखाली बाईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा आकडा संशयास्पद आहे, मोजणी पुन्हा करावी. पण बारीक अक्षर वाचणं मालकांच्या स्वभावात नव्हतं.

"अकरा वर्षं बसतोय मी त्या खोलीत," ते पुटपुटले. "तरीच मला हल्ली काही आठवत नाही." तासाभरात त्यांनी केबिनसाठी पंखा मागवला आणि तो येईपर्यंत आपलं टेबल बाहेर काढलं. कारखान्यात सगळ्यात शुद्ध हवा कुठे, ते कागदावर लिहिलेलंच होतं. टेबल टाकीशेजारी आलं.

"साहेब, दारापाशी बसा ना," मामा काकुळतीला आले.

"का? शुद्ध हवा एकट्यालाच हवीय होय?"

घरी मामींनी विचारलं, "मग? पंखा बसतोय का?"

"बसतोय," मामा म्हणाले. "केबिनमध्ये." त्या रात्री मामांना झोप आली नाही. आपला पंखा तर गेलाच, वर एक संसारी माणूस आपल्यापायी वाफेत बसलाय.

पहिल्या दिवशी मालकांनी दोनदा नाक दाबलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वास गेला की!" वास गेला नव्हता, नाक थकलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना घरून बायकोचा फोन आला.

"हो. हो. येतो लवकर. बरं ताई, ठेवतो."

पलीकडून एवढ्या मोठ्याने आवाज आला की टर्नरने लेथ बंद केली. फोन कट झाल्यावरही मालक हातातल्या फोनकडे पाहत राहिले.

"मामा, मी आत्ता काय म्हणालो?"

खरं बोललं तर आपली नोकरी जाणार, हे मामांना दिसत होतं. त्यांनी हातातली टोपली खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. थेंब, टाकी, चिठ्ठ्या, डबा, काही ठेवलं नाही. टर्नरचं नाव तेवढं गाळलं. मालक दोन्ही हातांनी डोकं धरून ऐकत होते.

"किती वर्षं झाली तुम्हाला इथे?"

"बावीस, साहेब."

"आणि मला तीन दिवस." मालक उठले. चक्कर आली म्हणून त्यांनी टेबल धरलं. मग त्यांनी बाईंना फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणाचं तरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पंखा डोक्यावर नको, वाफ नाकाजवळूनच वर जाईल. टाकीच्या काठाला लावायचा. काम नसेल तेव्हा टाकीवर झाकण हवं. आणि मोजणी पुन्हा करायची.

"केबिनचा पंखा आला की इथे काठाला बसवा," मालक म्हणाले. "तोवर टाकी बंद. झाकण घाला."

मामांनी झाकणाला हात घातला. "साहेब, माझी नोकरी..."

"ती राहू दे. आधी माझ्या घरी चला आणि हे सगळं बायकोला सांगा. ही ताई कोण म्हणून विचारतेय. मी टाकी म्हणतोय, वाफ म्हणतोय, काही पटत नाही तिला." मालकांनी फोन खिशात टाकला. "म्हणते, पुरावा आणा."

मामांनी शांतपणे टाकीवर झाकण ओढलं.

"मग मी एकटा येऊन काय उपयोग, साहेब? जाता जाता आमच्या हिला बरोबर घेऊ."